भिंगामागचे हात : जुन्या सूक्ष्मदर्शकांची व त्यांच्या कारागिरांची हकीकत

शाळेंत किंवा कॉलेजांत असतांना कांद्याचा पातळ पापुद्रा कांचेवर ठेवून सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिल्याची आठवण आपल्यापैकीं पुष्कळांना असेल. प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग स्वतःच्याच पापण्यांचे केस दिसतात. इतक्यांत शिक्षक मागून येऊन एक चाक किंचित् फिरवतात, आणि एकाएकीं विटांच्या भिंतीसारखी पेशींची रचना डोळ्यांपुढें उभी राहते. त्या क्षणीं आपण पेशींकडे पाहतों. ज्या पितळी नळींतून त्या दिसल्या तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. विज्ञानाच्या इतिहासाचेंही असेंच झालें आहे. कोणी काय पाहिलें हें ग्रंथांत लिहिलेलें असतें. पण ज्यानें भिंग घासलें, नळी ओढली, स्क्रूचे आटे पाडले, त्याचें नांव बहुधा त्या पितळेवरच राहून जातें.

आज मी आपणांस या कारागिरांची हकीकत सांगणार आहें. केवळ जुन्या वस्तूंच्या हौसेपोटीं ती सांगावी असें नाहीं. भिंगापलीकडे जें दिसतें तें खरेंच तेथें आहे, कीं भिंगानेंच तें निर्माण केलें आहे, हा प्रश्न जवळजवळ दोनशें वर्षें विद्वानांना छळीत होता. त्याचें उत्तर मिळण्यास विद्वत्तेइतकाच कारागिराचा हात कारणीभूत झाला.

दोन भिंगें एका नळींत योग्य अंतरावर बसविलीं म्हणजे बारीक वस्तु मोठी दिसते, हें युरोपांतील चष्मेवाल्यांना इ. स. १६०० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत उमगलें. पहिला मान कोणाचा याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाले. हॉलंडमधील यान्सेन बापलेकांचें नांव अनेक पुस्तकांत येतें. पण त्यांच्या बाजूचा पुरावा फार मागाहूनचा व कच्चा आहे. गॅलिलिओनें १६२४ सालीं असें एक यंत्र आपल्या मित्रास पाठविलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याच विद्वन्मंडळांतील जोव्हान्नी फाबर या वैद्यानें त्याला ‘मायक्रोस्कोप’ हें नांव दिलें.

नांव मिळालें, तरी यंत्र हातीं येणें सोपें नव्हतें. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें १६६४ च्या ऑगस्टमध्यें रिचर्ड रीव्ह या कारागिराकडून एक सूक्ष्मदर्शक साडेपांच पौंडांस विकत घेतला. किंमत फार झाली असें त्यास वाटलें, पण चीज उत्तम आहे अशी त्याची खात्री होती. दुसऱ्या दिवशीं नवराबायको दोघें मिळून तें यंत्र घेऊन बसलीं, आणि त्यांतून पाहावयाचें तरी कसें हें समजण्यासच त्यांना बरीच खटपट करावी लागली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १६६५ सालीं, रॉबर्ट हुक याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा सचित्र ग्रंथ बाहेर पडला. पिसवेचें जवळजवळ दीड फूट लांबीचें चित्र, माशीचे डोळे, बुचाच्या कापांतील रिकामे कप्पे, हें सारें लोकांनीं प्रथमच पाहिलें. त्या कप्प्यांना हुकनें दिलेलें ‘सेल’ हेंच नांव आजही चालतें. हुकचें यंत्र लंडनच्या ख्रिस्तोफर कॉक या कारागिरानें केलें असें मानण्यांत येतें. ग्रंथामुळें हुक अजरामर झाला. कॉकचें नांव आज जुन्या यंत्रांच्या अभ्यासकांनाच ठाऊक.

परंतु या दुहेरी भिंगांच्या यंत्रांत एक मोठी खोड होती. एका भिंगाचे दोष दुसरें भिंग आणखी मोठे करून दाखवी. कडा धूसर होत, भोंवतीं तांबड्या-निळ्या रंगांची झालर दिसे, आणि ती कमी करण्यासाठीं भिंगाचें तोंड लहान केलें कीं अंधार होई. हुकनें दिव्याचा उजेड पाण्यानें भरलेल्या कांचेच्या गोळ्यांतून वस्तूवर पाडून कसेंबसें काम भागविलें. म्हणूनच त्या शतकांतील सर्वांत आश्चर्यकारक दर्शन या डौलदार नळ्यांतून झालें नाहीं. तें झालें दोन बोटांएवढ्या एका पितळी पट्टींतून.

हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं आंतोन व्हॅन लेवेनहुक नांवाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. त्याचा जन्म १६३२ चा. लॅटिन भाषा त्याला येत नव्हती आणि विद्यापीठ त्यानें पाहिलें नव्हतें. त्याचें यंत्र म्हणजे दोन पातळ पत्रे. त्यांच्यामध्यें धरून ठेवलेलें एकच इवलेंसें भिंग. मागें एक सुई, आणि ती पुढेंमागें सरकविण्यास दोनतीन स्क्रू. पाहावयाची वस्तु सुईच्या टोंकावर ठेवावयाची व यंत्र डोळ्यास जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरावयाचें. एकच भिंग असल्यामुळें दोषांवर दोष चढत नसत, आणि भिंग फारच लहान असल्यामुळें त्याची शक्ति प्रचंड असे.

अशा यंत्रांतून त्यानें पाण्याच्या थेंबांत हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले व १६७६ च्या ऑक्टोबरांत तसें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. तेथील विद्वानांना तें खरें वाटेना, कारण त्यांच्या यंत्रांतून कांहींच दिसत नव्हतें. लेवेनहुकनें आपल्या म्हणण्यास पुष्टि म्हणून धर्मोपदेशक व इतर प्रतिष्ठित गृहस्थांच्या साक्षी लिहून पाठविल्या. थेंबभर पाण्यांत काय आहे हें सिद्ध करण्यासाठीं न्यायकचेरीप्रमाणें साक्षीदार आणावे लागले! अखेर १६७७ च्या नोव्हेंबरांत खुद्द हुकनें ते जीव सोसायटीच्या सभासदांस दाखविले, तेव्हां वाद मिटला.

एवढें होऊनही लेवेनहुकनें आपलीं उत्तम भिंगें कोणास दाखविलीं नाहींत आणि तीं कशीं केलीं हें कोणास सांगितलें नाहीं. तो १७२३ सालीं, नव्वदी ओलांडून, वारला. त्यानें रॉयल सोसायटीस ठेवलेलीं सव्वीस चांदीचीं यंत्रें पुढें एकोणिसाव्या शतकांत गहाळ झालीं. कन्येच्या मृत्यूनंतर १७४७ मध्यें उरलेल्या साडेतीनशेंहून अधिक यंत्रांचा लिलांव झाला. त्या सर्वांपैकीं आज डझनाच्या आसपासच शिल्लक आहेत. त्यांतील सर्वांत शक्तिमान यंत्र उट्रेख्ट येथील संग्रहालयांत असून तें वस्तु सुमारें २७० पट मोठी दाखवितें. त्याचें रहस्य जवळजवळ तीनशें वर्षें कायम राहिलें; कारण भिंग पाहावयाचें तर पत्रे उचकटावे लागणार, आणि तसें करण्याचें धाडस कोण करील?

हें कोडें अगदीं अलीकडे, २०२१ सालीं सुटलें. डेल्फ्ट येथेंच शास्त्रज्ञांनीं तें यंत्र न्यूट्रॉनच्या झोतांत धरलें. न्यूट्रॉन धातूच्या पत्र्यांतून आरपार जातात, त्यामुळें यंत्राला धक्का न लावतां आंतील भिंगाचा आकार पाहतां आला. तें भिंग घासून केलेलें नव्हतें; ती कांचेचा धागा ज्योतींत वितळवून केलेली, मोहरीएवढी एक गोळी निघाली. आतां यांतील मौज पाहा. अशा गोळ्या करण्याची रीत रॉबर्ट हुकनें १६६५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंतच छापली होती व १६७८ मध्यें ती पुन्हां प्रसिद्ध केली होती. ज्या युक्तीबद्दल लेवेनहुकनें जन्मभर मौन पाळलें ती लंडनच्या पुस्तकविक्रेत्याकडे कोणासही मिळण्यासारखी होती! मात्र म्हणून त्याची योग्यता कमी होत नाहीं. कृति सर्वांपुढें होती. ती शेंकडों वेळां करून त्यांतून निर्दोष गोळी निवडण्याचा हात व ती डोळ्याशीं धरून तासन्‌तास पाहण्याची चिकाटी या दोन गोष्टी कोणत्याच पुस्तकांत छापलेल्या नव्हत्या.

आतां अठराव्या शतकांतील लंडनकडे वळूं. या काळांत सूक्ष्मदर्शक हा सुखवस्तु घरांतील दिवाणखान्याचा अलंकार झाला. जेम्स विल्सन यानें १७०२ च्या सुमारास खिशांत मावणारें, नळीवरील आट्यांनीं पुढेंमागें होणारें यंत्र लोकप्रिय केलें. एडमंड कल्पेपर यानें १७२५ च्या सुमारास तिपाईवर उभें राहणारें, खालून आरशानें उजेड घेणारें यंत्र विकावयास आणलें. कल्पेपर मूळचा नक्षी कोरणारा. त्याच्या यंत्रांच्या नळ्या पुठ्ठ्याच्या असून त्यांवर रंगीत चर्मपत्र व माशाच्या खरखरीत कातड्याचें वेष्टण असे. दिसावयास तें फार सुंदर. परंतु तिपाईचे पाय मध्यें आल्यामुळें वस्तु ठेवतांना हात अडे, आणि नळी हातानें वरखालीं सरकवितांना नेमकी जागा हुकून जाई.

ही अडचण हेन्री बेकर या अभ्यासकास विशेष जाणवली. त्या सुमारास गोड्या पाण्यांतील एका चिमुकल्या प्राण्याचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यापासून नवा प्राणी तयार होतो, असा अब्राहम ट्रेंब्ले यांचा शोध गाजत होता, आणि जो तो तें पाहावयास उत्सुक झाला होता. बेकरनें आपली तक्रार फ्लीट स्ट्रीटवरील जॉन कफ या कारागिराकडे नेली. कफनें १७४४ च्या सुमारास जें यंत्र तयार केलें त्यानें सूक्ष्मदर्शकाचें रूपच पालटलें. पाय काढून टाकून एका बाजूस एकच पितळी खांब, वस्तु ठेवण्याचें व्यासपीठ तिन्ही बाजूंनीं मोकळें, आणि नळी केसभर हलविण्यासाठीं बारीक आट्यांचा निराळा स्क्रू. शाळेंत आपल्या शिक्षकांनीं जें लहान चाक फिरविलें त्याचा पूर्वज हाच स्क्रू होय.

ही रचना इतकी सोयीची होती कीं युरोपभर तिच्या नकला झाल्या. कफला मात्र तिचा लाभ झाला नाहीं. १७५० सालीं त्याचें दिवाळें निघालें. कांहीं वर्षांनीं, १७५६ मध्यें, बेंजामिन मार्टिन नांवाचा व्याख्यानें देणारा, जाहिरातींत तरबेज असा गृहस्थ त्याच्या शेजारींच दुकान थाटून बसला, आणि कफचें उरलेंसुरलें गिऱ्हाईकही गेलें. हातांत कसब असणें आणि दुकान चालविणें या दोन वेगळ्या विद्या आहेत, हें आपल्याकडील कारागिरांनाही नव्यानें सांगावयास नको. इंग्लंडच्या राजसंग्रहांत योहान झोफनी यानें १७७२ सालीं काढलेलें एक चित्र आहे. आपल्या कार्यशाळेंत साध्या वेषांत बसलेला एक वृद्ध भिंगवाला त्यांत दिसतो. तो जॉन कफ असें मानतात.

यंत्राचा सांगाडा सुधारला, पण भिंगाची ती रंगीत झालर तशीच राहिली. पांढऱ्या उजेडांत सर्व रंग मिसळलेले असतात, आणि कांचेंतून जातांना निळा रंग अधिक वांकतो व तांबडा कमी. त्यामुळें दोघांचीं चित्रें एका ठिकाणीं पडत नाहींत. यावर उपाय नाहीं असें खुद्द न्यूटनचें मत झालें होतें. तो उपाय चेस्टर मूर हॉल या वकिलास १७३३ च्या सुमारास सांपडला : दोन निरनिराळ्या जातींच्या कांचांचीं भिंगें एकमेकांस जोडलीं कीं एकाचा दोष दुसरें भरून काढतें. गुपित फुटूं नये म्हणून त्यानें एक भिंग एका कारागिराकडे व दुसरें दुसऱ्याकडे घासावयास दिलें. गंमत अशी कीं दोघांनींही तें काम जॉर्ज बास या एकाच मजुरी करणाऱ्या कारागिराकडे सोंपविलें! दोन्ही भिंगें एकाच गिऱ्हाइकाचीं आहेत हें पाहून बासनें तीं एकावर एक ठेवलीं, आणि गुपित त्याला उमगलें. पुढें जॉन डॉलंड यानें स्वतः प्रयोग करून १७५८ मध्यें या रचनेचें पेटंट घेतलें, आणि त्याच्या मुलानें त्या पेटंटच्या जोरावर लंडनच्या इतर भिंगवाल्यांस कोर्टांत खेंचलें.

परंतु हें सारें दुर्बिणीपुरतें झालें. सूक्ष्मदर्शकाचें भिंग मसुरीच्या डाळीएवढें. त्यांत दोन कांचांची अशी जोडी बसविणें फार कठीण. ॲम्स्टरडॅमच्या हार्मानुस व्हॅन डेइल यानें १८०७ च्या सुमारास अशीं भिंगें विकावयास काढलीं, तरी दोष पूर्णपणें गेले नव्हते. आणि याच काळांत, प्रारंभीं सांगितलेला तो प्रश्न धोक्याचा झाला. १८२३ सालीं फ्रान्समधील मिल्न-एडवर्ड्‌स यानें असें प्रतिपादन केलें कीं प्राण्याचें मांस, मज्जा, त्वचा, सर्व कांहीं एका मिलिमीटरच्या तीनशेंव्या भागाएवढ्या सारख्या गोळ्यांचें बनलेलें आहे. त्यानें ते गोळे खरोखरच पाहिले होते. पण शरीराच्या प्रत्येक भागांत नेमके तेवढेच गोळे दिसावेत, याचा अर्थ काय?

याचें उत्तर जोसेफ जॅक्सन लिस्टर या लंडनच्या एका मद्यव्यापाऱ्यानें दिलें. दिवसा दुकान व फावल्या वेळांत भिंगें, असा त्याचा क्रम. १८२६ मध्यें विल्यम टली या भिंगवाल्याकडून त्यानें आपल्या आराखड्याप्रमाणें यंत्र करवून घेतलें. तें जेम्स स्मिथच्या हातचें होतें. पुढच्या वर्षीं त्यानें व डॉ. टॉमस हॉजकिन यांनीं त्या यंत्रांतून स्नायु, मज्जा व रक्त पुन्हां तपासलें. गोळे नाहींसे झाले! स्नायूंत तंतु दिसले, त्यांवर आडव्या रेघा दिसल्या. रक्तांतील तांबड्या कणांचा खरा आकार, दोन्ही बाजूंनीं मध्यें खोलगट अशा चकतीचा, स्पष्ट झाला. गोळ्यांची सृष्टि बव्हंशीं सदोष भिंगांनीं निर्माण केलेली होती. १८३० मध्यें लिस्टरनें निरनिराळीं जोडभिंगें किती अंतरावर ठेवलीं असतां एकमेकांचे दोष खोडून काढतात याचा नियमच प्रसिद्ध केला. या शोधाचा पाठपुरावा करण्यासाठीं तो स्वतः भिंगें घासावयासही शिकला. शस्त्रक्रियेंत जंतुनाशक पद्धति आणणारे सर्जन जोसेफ लिस्टर हे याच गृहस्थाचे चिरंजीव.

येथून पुढें लंडनच्या रॉस, पॉवेल व स्मिथ या कारागिरांचा उत्कर्षकाल सुरू झाला. १८३९ मध्यें तेथें सूक्ष्मदर्शक मंडळ स्थापन झालें, आणि १८५८ मध्यें त्या मंडळानें सर्व भिंगांच्या बुडाशीं एकाच मापाचे आटे असावेत असें ठरविलें. एकाचें भिंग दुसऱ्याच्या यंत्रास बसूं लागलें. अलीकडे कांहीं कंपन्यांनीं निराळीं मापें घेतलीं असलीं, तरी शाळेंतील साध्या सूक्ष्मदर्शकावर आजही बहुधा तेच आटे सांपडतात.

तरीही एक उणीव होती. उत्तम भिंग अजून अजमासानेंच होई : घासा, पाहा, पुन्हां घासा. जर्मनींतील येना येथें कार्ल झाइस यानें १८४६ मध्यें लहानशी कार्यशाळा काढली. त्याचें काम चोख असे. पण भिंग आधीं कागदावर गणितानें मांडावें व मग तसेंच घडवावें, असा ध्यास त्यानें घेतला. १८६६ मध्यें त्यानें अर्न्स्ट आबे या तरुण पदार्थविज्ञानशास्त्रज्ञास हाताशीं घेतलें. आबेनें गणित करून भिंगें काढलीं, तर तीं अजमासानें केलेल्या भिंगांहूनही वाईट दिसूं लागलीं! दुसरा कोणी गणितास रामराम ठोकता. आबेनें मात्र या अपयशाचेंच कारण शोधलें. रंगदोष टाळण्यासाठीं त्यानें भिंगाचें तोंड अरुंद केलें होतें. आणि बारीक तपशील दिसण्यास वस्तूपासून तिरपे निघणारे किरणही भिंगांत शिरले पाहिजेत, हें त्याच्या ध्यानांत आलें. १८७३ मध्यें त्यानें हा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यावरून उजेडाच्या लहरीच्या सुमारें निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी अशा सूक्ष्मदर्शकांतून वेगळ्या दिसावयाच्या नाहींत, ही मर्यादाही कळली. नव्या जातीच्या कांचा हव्या होत्या. त्या ऑटो शॉट यानें करून दिल्या व १८८४ मध्यें येना येथें त्यांचा कारखाना निघाला. तिन्ही हात एकत्र आल्यावर, १८८६ मध्यें, रंगदोष जवळजवळ नाहींसा केलेलीं भिंगें बाजारांत आलीं.

त्यापूर्वींच, १८७८ च्या सुमारास, भिंग व वस्तु यांच्यामध्यें तेलाचा थेंब ठेवण्याची युक्ति निघाली होती, आणि झाइसच्या अशाच भिंगाच्या साहाय्यानें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु शोधून १८८२ च्या २४ मार्चला तो जाहीर केला. आबेचा बाप सूतगिरणींत रोज चौदा-सोळा तास राबणारा मजूर होता. ती आठवण मुलानें ठेवली : झाइसच्या मृत्यूनंतर त्यानें १८८९ मध्यें कारखान्यासाठीं एक न्यास स्थापन केला, पुढें आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली, आणि १९०० सालीं कामगारांचा दिवस आठ तासांचा ठरविला.

या कारागिरांच्या हातचीं यंत्रें आपल्याकडेही आलीं. मुंबईंत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनीं १८७७ च्या दुष्काळी तापांत रोग्यांच्या रक्तांत मळसूत्रासारखे जंतु पाहिले. ‘ग्रे’च्या सुप्रसिद्ध शरीरशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रें यांचींच. आणि सिकंदराबादेस १८९७ च्या २० ऑगस्टला रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले, तेव्हां त्यांच्या यंत्राचे स्क्रू कपाळाच्या व हाताच्या घामानें गंजून गेले होते व शेवटचें उरलेलें नेत्रभिंग तडकलेलें होतें. सुस्थितींत नसलेलें तें यंत्रही अखेरपर्यंत खरें बोललें, याचें श्रेय त्याच्या अनाम घडविणाऱ्यासही दिलें पाहिजे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं एखाद्याच्या घरीं आजोबांच्या पेटींत किंवा जुन्या बाजारांत असें पितळी यंत्र सांपडलें, तर एक विनंति आहे. तें चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत करूं नका. जुन्या पितळेवर सोनेरी रोगणाचा पातळ थर असतो. तो एकदां गेला कीं परत येत नाहीं. पेटी, लहान भिंगें, हस्तिदंती पट्ट्या टाकून देऊं नका. यंत्राची अर्धी हकीकत त्यांतच असते. नांव कोरलेलें असेल तर तें जपून उतरून घ्या, पण तें घडविणाऱ्याचेंच असेल असें धरूं नका. पुष्कळदां तें विकणाऱ्याचें असतें. आणि नांव नसेल तर निराश होऊं नका. बारीक स्क्रू हलक्या हातानें फिरवून पाहा. दीडशें वर्षांनंतरही तो न अडखळतां फिरला, तर तीच त्या कारागिराची सही समजावी.